काट्यावरच्या फोनवर माझा आवाज

कुणाच्या अंगात आलं की उठून दुसऱ्या खोलीत जाणारी मी बाई. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

साकोलीजवळच्या एका राइस मिलमध्ये मी एक्स्पोर्टचं काम बघते. तांदूळ मिलमध्येच कंटेनरात भरतो, सील मारतो, मग गाडी नागपूरच्या ड्राय पोर्टला. तिथे कस्टम्स क्लिअर झालं की रेल्वेने बंदरावर. मी मूळची एकोडीची, पण ऑफिसात गावच्या बोलीत कधी बोलत नाही. सवयच तशी लावून घेतली.

मे महिन्यातली दुपार. मी नागपुरात, कस्टम्सच्या ऑफिसात. संध्याकाळची रेल्वे चुकली तर जहाज हातचं जाणार होतं. मिलमध्ये लोडिंग बघणाऱ्या मारोतीकाकांना मोबाइलवर म्हटलं, "काका, सील मारा लवकर."

"किड्याच्या गोळ्या टाकल्या ताई, दारं लावूनच राहिलो."

मोबाइल पर्समध्ये टाकला आणि अधिकाऱ्यासमोर कागद मांडून बसले. मधे उठलेही नाही.

थोड्या वेळाने काकांचा फोन.

"ताई, सुकदेव सापडला! जिता हाये! तुमी फोन नसता केला त मेला असता!"

मला काही कळेना. मग एकेक उलगडलं. सुकदेव आमचा हमाल. पोत्यांवर चढून आत ओलावा धरणाऱ्या थैल्या लटकवत होता, उकाड्यानं चक्कर येऊन पोत्यांमागे पडला. खालून कुणाला दिसला नाही. दारं लागली, सील मारलं. कीड मारायच्या गोळ्यांचा विषारी गॅस सुटायचाच होता... तेवढ्यात वजनकाट्याच्या खोलीतला जुना लँडलाइन वाजला. काका म्हणतात, फोनवर मीच होते — "काका, दार खोला. सुकदेव आतच रायला."

"पयल्यांदाच आपल्या बोलीत बोलल्या तुमी," काका म्हणाले.

तो नंबर मला माहीतच नव्हता. आणि सुकदेव नावाचा कुणी आमच्याकडे आहे, हेसुद्धा नाही.

तिथेच सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "बरं झालं."

जहाज आमचा कंटेनर न घेताच गेलं. कुणी त्या नुकसानीचं नाव काढलं नाही. मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. सुकदेवची बायको लाखोरीची डाळ घेऊन आली आणि सरळ माझ्या पायावर वाकली. मी तिला वाकू दिलं.

ती डाळ शिजवायला माझा हात धजेना. शेवटी त्यांच्या घरी गेले. सुकदेव ओसरीवर बाजेवर बसला होता.

"तो फोन मी केला नव्हता," मी म्हटलं.

त्याची बायको घाबरली. "मंग कोनं केला, बाई?"

"माहीत नाही."

सुकदेवनं साधेपणानं विचारलं, "मंग तुमचा फोन आलाच नाही, ताई?"

"आला होता... आधी. सील लवकर मारा म्हणून."

तो बायकोला म्हणाला, "ताईले चाय दे."

मी तो चहा प्यायले. काकांना पुन्हा पुन्हा विचारलंय — शपथेवर सांगतात, आवाज माझाच होता. माझ्या आवाजात जी कुणी बोलली, तिला सुकदेवचं नाव ठाऊक होतं.