झुंबरीसाठी झाकलेली भाकर

शकूकाकूला शेवटचं भेटलो तो एका रविवारी. सिडकोतल्या तिच्या घरी, पुढच्या खोलीतल्या खाटेवर ती उशाला टेकून बसली होती. आवाज पार खोल गेलेला, पण जीभ जागेवर. मी सीताफळांची पिशवी घेऊन दारात उभा राहिलो, तर म्हणाली, "ये आत. तिरका होऊन ये, दार लहान पडंल तुला." माझ्या पोटाकडं बघितल्याशिवाय तिनं माझं स्वागत कधीच केलं नाही. मग सीताफळ फोडता फोडता, जणू शेजारणीकडं किल्ली ठेवावी तसं म्हणाली, "झुंबरी आता तू सांभाळ. फक्त घाईघाईनं घरी नको नेऊ तिला." मी हसलो. म्हटलं, काकू, तू आहेस की अजून... तिनं एक बी थुंकली आणि दुसरं सीताफळ फोडलं. पुढच्याच आठवड्यात तिच्या मुलाचा, प्रशांतचा, फोन आला, काकू गेली म्हणून.

झुंबरी कोण, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. काकूचं पाळणाघर होतं. नोकरीवाल्या आया सकाळी पोरं आणून टाकायच्या आणि संध्याकाळी ती पोरं घरी जायला तयार नसायची, कारण झुंबरी तेव्हा कुठल्या तरी राक्षसाच्या दाढेत अडकलेली असायची. झुंबरी ही काकूनं स्वतःच्या डोक्यातून काढलेली पोरगी. आईबरोबर देवगिरीच्या किल्ल्यापाशी सीताफळं विकायला गेलेली, किल्ल्यातली अंधारी, ती काळोखी भुयारी वाट, बघायला आत शिरली, आईचा पदर हातातून सुटला आणि बाहेर निघाली ती भलत्याच मुलखात. तिथं पाऊस खालून वर पडायचा, दिवस मावळला की झाडं पाय मोकळे करायला निघायची. सोबतीला एक शेरडू, तेही असलं लबाड की तोंडातून खरा शब्द निघायचा नाही. ते डावीकडं म्हणालं की झुंबरी उजवीकडं जायची. तिनं शिट्टी मारली की भिंती सरकायच्या. एका राज्यात तर तिला गादीवर बसवलं, हत्तीवरून मिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी ही उठून चालायला लागली. राजा हात जोडतो, प्रधान रडतो, पण झुंबरीचं एकच... "माझ्या आईनं भाकर झाकून ठेवली असंल. मला जायला पायजे."

आम्ही पोरं ते वाक्य तिच्याबरोबर ओरडून म्हणायचो. मी सगळ्यांत मोठ्यानं, कारण भाकरीचा विषय मला तेव्हापासूनच जवळचा. आणि काकू पण अशी, की गोष्ट संपवून स्वयंपाकघरात जायची आणि दुरडीत चतकोर भाकरी फडक्याखाली ठेवायची. रात्री दुरडी रिकामी ठेवू नये, ही रीत सगळीकडंच आहे. आमच्याकडं मात्र ती भाकरी झुंबरीची होती. एकदा मला भूक आवरली नाही आणि हात घातला, तर काकूनं हातावर पळी मारली. "ती वाट चालून येणार हाय. तू निस्ता खाटेवरनं उठून आला." सकाळी ती भाकरी गायीला जायची, म्हणजे झुंबरी काल आली नाही, म्हणजे आज गोष्ट पुढं चालू. इतका साधा हिशोब होता आमचा.

दुसरा हिशोब कळायला मात्र मला टक्कल पडावं लागलं. काकूचं माहेर गोदेच्या काठी होतं. ती लग्न होऊन आमच्याकडं आली आणि मागं गाव धरणात गेलं. भावांनी वैजापूरला बस्तान हलवलं, कांद्याच्या व्यापारात शिरले, बहिणीचं कधी काही कमी केलं नाही. पंचमीला, दिवाळीला काकू जायचीसुद्धा. पण परतल्यावर म्हणायची, "भावाकडं जाऊन आले." घरातल्या बाकी साऱ्या बायका माहेरी जायच्या. ही भावाकडं जायची. हा फरक इतकी वर्षं आमच्या कानांवरून गेला, आणि मी म्हणे खानदानातला गोष्टी सांगणारा, शब्दांवर कान असलेला माणूस!

मग एका दुष्काळी उन्हाळ्यात धरणाचं पाणी लई मागं गेलं आणि गावातल्या घरांची जोती उघडी पडली. प्रशांतच्या वैजापूरच्या मामांनी कळवलं. मी गाडी काढली. गाळात ती घालायची नसते, हे गाडी रुतल्यावर समजलं. पुढं चालत निघालो. माझा एक बूट गाळानं ठेवून घेतला तो कायमचा. काकू मात्र चपला हातात घेऊन पोरीसारखी चालली होती. एका जोत्यापाशी थांबली, खाली बसली, दगडावरून हात फिरवला. डोळ्यांना पदर लावला. मीही गंभीर झालो, एका बुटावर जितकं होता येईल तितका. इतक्यात तिथलेच एक म्हातारे काठी टेकत आले. लांबूनच ओरडले, "कोण, शकू का? अगं ते कासाराचं घर! तुमचं त्या तिकडं, चिंचेच्या खोडापल्याड!"

काकू उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "मग कासारणीला सांगा, शकू येऊन रडून गेली म्हणून." म्हातारे हसता हसता खोकायला लागले.

चिंचेच्या खोडापल्याड मग खरं घर लागलं. घर कसलं... उंबऱ्याचा दगड आणि आत चुलीच्या जागेला थोडा उंचवटा. काकू उंबऱ्याशी गेली आणि तिथंच थांबली. मी म्हटलं, "काकू, जा की आत. त्याच्यासाठीच आलो ना?" तिनं मान हलवली. चुलीकडं बघितलं. मग म्हणाली, "नगं. आत गेले की दिसंल ना, तिथं कुणी नाय ते. इथनं बघितलं की वाटतं, आई आत्ताच उठून पाण्याला गेली." आणि वळली. परतीच्या वाटेवर माझ्या अनवाणी पायाकडं बघून मला हसत राहिली, ती थेट घरापर्यंत.

काकूच्या तेराव्याला घर भरलं होतं. पाळणाघरातली पोरं, आता बापे आणि बाया झालेली, जेवणं झाली तरी हलेनात. शेंद्र्याच्या कारखान्यात असलेला आमचा इम्रान म्हणाला, "दादा, चालू करो ना." प्रशांतची मुलगी ईरा समोर येऊन बसली. पुण्यात राहते, पहिलीत आहे, आजीची गोष्ट फोनवर ऐकायची. तिनं थेट विचारलं, "आता आजी नाही. मग झुंबरीला घर कोण दाखवणार?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घसा साफ केला. माझ्यावर माझा फार विश्वास आहे, तो कुठल्याच कामानं सिद्ध झालेला नसला तरी. सुरुवात केली. शेरडू म्हणालं, घर उजवीकडं आहे, आणि झुंबरी उजवीकडं निघाली...

"अरे दादा!" इम्रान ताडकन उठला. "वो बकरी झूठ बोलती थी ना? तुमने तो सच्ची बना दी!"

घर हसलं. तेराव्याच्या घरात इतकं हसू बरं दिसतं का, असं एक आत्या पुटपुटल्या आणि त्याही हसल्या. मी शेरडू पुन्हा लबाड केलं. झुंबरी डावीकडं वळली, तिला अंधारीचं तोंड सापडलं, उजेड दिसला, सीताफळाच्या बागा लागल्या, आपल्या घराचं छप्पर दिसलं. काकूनं बजावलेलं आठवत होतं मला. पण समोर ईराचं तोंड होतं, आणि त्या लेकराला आज कुणीतरी घरी पोचलेलं हवं होतं. झुंबरी उंबऱ्यापाशी आली...

"थांब!" म्हणत ईरा उठली आणि स्वयंपाकघरात पळाली. तशीच पळत परत आली. "दुरडी रिकामी आहे."

सुतक फिटलं तेव्हा प्रशांतच्या बायकोनं, रेणूनं, घर धुऊन काढताना दुरडीही घासून उन्हात पालथी घातली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. पण ईराला ते पटेना. "ती दमून येणार. ती काय खाणार? तिला आत नको नेऊ काका. आधी भाकरी होऊ दे."

रेणू उठली. तिनं परात घेतली, ज्वारीचं पीठ घेतलं. पुण्याच्या पोळ्यांवर बसलेला हात, भाकरीला एका बाजूनं चीर गेली, दुसरीकडून ती करपली. काकूनं बघितली असती तर नावं ठेवली असती आणि मग तीच आधी खाल्ली असती. ईरानं चतकोर मोडली, दुरडीत ठेवली, फडकं चारी बाजूंनी दाबलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आता उद्या."

प्रशांत पुण्याला परतला, घराची किल्ली माझ्याकडं आहे. मी रोज संध्याकाळी जातो, आमच्या घरची चतकोर भाकरी दुरडीत झाकतो आणि सकाळी गल्लीतल्या गायीला घालतो. ईराचा फोन येतो. "आली का काका?" मी सांगतो, "नाही अजून, उंबऱ्यापर्यंत आलीय." तिकडून समाधानाचा सुस्कारा येतो आणि मग हुकूम... "मग सांग पुढं."