फ्लेक्सच्या दुकानातले भागधारक

समस्त गुंतवणूकदारांना कळवण्यात येते की, देशाच्या भांडवली बाजाराचे भवितव्य मुंबईत ठरत नसून, आमच्या कट्टा गावच्या बाजारातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात, प्लास्टिकच्या स्टुलावर ठरत असे.

स्टुलावर एक निवृत्त काका बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मोठमोठे फलक छापणारी मशीन बनवणाऱ्या कंपनीचे शेअर त्यांनी घेतले होते, आणि कंपनी वाढतेय की नाही, हे ते रोज मशीनसमोर बसून बघत. ताजा फलक निघाला की हापूस चाचपावा तसा चाचपत.

आमच्या नाटकाचा फलक छापायला मी गेलो, तेव्हा म्हणाले, "शेअर घेवन ठेवा. वाढदिवस, जत्रा, निवडणूक, मरण, सगळ्याक फलक लागता. आणि दर वर्षी आदल्यापेक्षा मोठो. कंपनी वाढतलीच!"

"म्हणजे कोण मेलो तरी तुमका फायदोच!" मी चिडवलं. काका खदखदून हसले.

पुढच्या खेपेला ते स्टुलावर नव्हते, भिंतीला टेकून उभे होते. त्यांची बायको गेली होती. वाडीतल्या मंडळींनी नाक्यावर लावायला श्रद्धांजलीचा फलक सांगितला होता, दुकानात निघेल तेवढा मोठा. मशीनमधून हळूहळू तिचं कपाळ आलं, कुंकू आलं, मग ताटाएवढे डोळे आले.

काकांनी एकदम दुकानदाराचा हात धरला.

"थांबय रे! ती इतकी मोठी नाय होती. माझ्या खांद्याक लागत होती."