इंटरकूलर आणि खाकी शर्ट

अॅल्युमिनियम हा बेइमान धातू आहे, असं अण्णा म्हणायचे. लोखंड तापलं की लाल होतं, तांब्या-पितळेचाही रंग बदलतो. अॅल्युमिनियम शेवटपर्यंत पांढरंच दिसतं आणि एकाएकी गळून खाली पडतं. "ज्याचा राग तोंडावर दिसत न्हाई, त्याच्याशी धंदा करू नये," असं म्हणून ते पुन्हा आपल्या पितळेकडे वळायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. लातुरात त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. डाळ मिलचे ट्रक, ट्रॅक्टर, जीपगाड्या, सगळ्यांचे गळके रेडिएटर त्यांच्याकडे यायचे. ते कथलानं झाळून द्यायचे, आणि झाळलेली जागा पुन्हा कधी गळायची नाही. मग प्लास्टिक-अॅल्युमिनियमचे रेडिएटर आले. बिघडला की फेका आणि नवा बसवा. अण्णांचा धंदा कुणाशी भांडण न होता बसला. मी पुण्याच्या कारखान्यात अॅल्युमिनियम जोडायचं टिग वेल्डिंग शिकलो होतो. परत आलो आणि त्याच दुकानात टिगचं मशीन मांडलं. बेइमान धातूवरच आमचं घर चालू लागलं, याची अण्णांना गंमत वाटायची आणि थोडं वाईटही वाटायचं.

आई गेली आणि अण्णांचं विसरणं सुरू झालं. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. चष्मा कपाळावर आणि शोध सगळ्या दुकानात. मी म्हणायचो, "काखेत कळसा अन् गावाला वळसा," तेही हसायचे. मग एकदा चहा सांगायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. बाजारातल्या गोल चौकात, गंजगोलाईत सापडले. तिथून सोळा रस्ते फुटतात. अण्णा मधोमध उभे होते आणि एकेका रस्त्याकडे बघत होते. मला पाहून म्हणाले, "तूच उशीर केलास." त्या दिवसापासून मला हसू आलं नाही.

उदगीरला माझी बहीण शिक्षिका आहे. तिचा फोनवर एकच धोशा, "अण्णांला घरी बसव. तिथं आग हाय, तेजाब हाय." तिचं खरं होतं. पण घरी बसून अण्णा काय करणार होते? आईच्या रिकाम्या खाटेकडे बघत बसणार? फोनचा आवाज मोठा होता, अण्णांनी सगळं ऐकलं. माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाले, "बाई, ज्या दिवशी माझ्या हातानं गिऱ्हाइकाचा माल नासंल, त्या दिवशी कुणी न सांगता मी घरी बसंन. तवर मला दुकानात जाऊ दे. माझा शब्द हाय."

तेव्हापासून मी त्यांना आगीजवळ जाऊ दिलं नाही. त्यांच्याकडे एकच काम ठेवलं, हौदाचं. जोडकाम झालं की त्यात हवा भरून ते पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. लातुरात पाण्याची टंचाई, त्यामुळे हौदातलं पाणी कधी बदलायचं नाही, वरून भर घालायची फक्त. त्या काळपट पाण्यातही अण्णांना बारीकसा बुडबुडा दिसायचा. खुंटीवरचा खाकी शर्ट अंगात घालायचे, स्टुलावर बसायचे, बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "पास." तेवढ्या एका शब्दावर त्यांचा दिवस चालला होता.

अशात नांदेडचा एक तरुण आला. टर्बोची डिझेल गाडी, आणि तिला मोठा इंटरकूलर हवा. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, दाबलेली हवा तापते, ती गार करायची जाळी म्हणजे इंटरकूलर. त्याला हवा होता तेवढा मोठा तयार मिळत नव्हता, बंपरच्या मागं मापानं बसवायचा होता. आमच्याकडच्या रस्त्यांवर गाडी एवढी पळवायची कुठं, हे मी त्याला विचारलं नाही. हौसेला मोल नसतं. आणि खरं सांगायचं तर मलाही काम बघून हुरूप आला होता. पाइपा आणि भांडी जोडून जीव आंबला होता.

मधली जाळी बाहेरून मागवली. दोन्ही बाजूंच्या टाक्या मी पत्रा वाकवून केल्या. हवेची नळी असलेली एक टाकी जाळीला जोडून झाली आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी काम बंद. मी गाडीवरची मापं पुन्हा घ्यायला नांदेडला गेलो, अवजारांची पूजा अण्णांनी एकट्यानं केली. परतलो तर मशीनला, टॉर्चला, हातोड्यांना हळदकुंकू, आर्गन गॅसच्या सिलिंडरला झेंडूचा हार. सगळं जिथल्या तिथं. बरं वाटलं. अण्णांचा नियम जुना होता: पूजा अवजाराची, गिऱ्हाइकाच्या मालाची नाही. माल परका, त्याला बोट लावायचं नाही.

दसरा झाल्यावर दुसरी टाकी धरली. ब्रशनं घासली, अॅसिटोननं पुसली, हेल्मेट खाली घेतलं आणि पायानं पेडल दाबलं. आधी काहीच होत नाही. मग दुधावरची साय सरावी तसा वरचा थर सरतो आणि खाली चकचकीत रस दिसतो. त्या क्षणी तार लावायची आणि पुढं सरकायचं. त्या दिवशी हात असा बसला होता की थांबूच नये वाटत होतं. मध्येच करपल्या भाताचा वास आला. शेजारच्या दुकानात कुणी डबा गरम करत असेल, असं मला वाटलं.

काम गार झाल्यावर अण्णांपुढं ठेवलं. हौदात बुडवण्याआधी ते कुठलाही रेडिएटर कानाजवळ धरून हलवायचे, आत काही राहिलं का बघायला. इंटरकूलरही हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

त्यांनी नळी खाली केली. तळहातावर तांदळाचे दाणे पडले. काही कुंकवानं लाल, काही करपून काळे. अक्षता.

मला सगळं उमगलं. नळीचं तोंड उघडं होतं. अवजार कुठलं आणि परका माल कुठला, हेच अण्णा विसरले होते.

अण्णा माझ्यावर खवळले. "पूजा करून राहिला का खेळ? परक्याच्या मालात अक्षता टाकतो? ह्या इंजिनात गेल्या म्हणजे? इतकी वर्सं मी काय शिकवलं तुला?"

मी खाली मान घातली. म्हणालो, "हाव अण्णा. माझ्याच हातून झालं."

त्यांचा राग उतरला. किती तरी दिवसांनी ते मला उस्तादासारखे बोलत होते आणि खोटं सांगायला माझी जीभ जरासुद्धा अडखळली नव्हती. "असू दे," ते म्हणाले, "दाणे जाळीत अडकले असतील. टाकी काप, साफ कर, पुन्हा जोड."

अक्षता पायाखाली टाकायच्या नसतात. म्हणून तळहातावरचे दाणे त्यांनी खाकी शर्टाच्या खिशात टाकायला घेतले. हात खिशात गेला आणि तिथंच थांबला. बाहेर आला तेव्हा चिमटीत तसेच दाणे होते, कुंकवाचे, न करपलेले. पूजेच्या दिवशी उरलेले.

ते त्या दाण्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "मग तू हाव कशाला म्हणलास?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी शर्ट काढला, घडी घातली आणि काखेत धरून बाहेर बाकावर जाऊन बसले. मी दुकान बंद करीपर्यंत तिथंच होते.

टाकी कापली, जाळी हवेनं आणि पाण्यानं साफ केली, पुन्हा जोडली. हौदात मीच बुडवली. बुडबुडा आला नाही. बराच वेळ मी उगाच पाण्याकडे बघत बसलो. शेवटी स्वतःच "पास" म्हणालो आणि लाज वाटली. तो तरुण खूश होऊन इंटरकूलर घेऊन गेला. खुंटी रिकामीच आहे.

अण्णा आता ओट्यावर बसतात. कधी मला बहिणीच्या नावानं हाक मारतात, कधी आई बाजारात गेलीय म्हणून वाट बघतात. जेवल्याचं विसरतात. पण "चला दुकानात" म्हटलं की मान हलवतात. "न्हाई बाबा. माल नासला माझ्या हातानं. शब्द दिलता बाईला." सगळं खाऊन टाकणाऱ्या त्या दुखण्यानं नेमकं एवढंच शिल्लक ठेवलं, याचा मला संताप येतो.

रोज सकाळी फाटकापाशी मी मोटारसायकल सुरू करतो आणि जरा थांबतो. आज तरी ते विसरले असतील, आज मागं येऊन बसतील, असं वाटतं.