हक्कदार सापडत नाही

शिवाजी पेठेतल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. नव्वदच्या दशकात आमचा नियम एवढाच होता: पुस्तक जुनं असेल तर इथंच बसून वाचा, लागलंच तर समोरून झेरॉक्स काढून आणा. दोन हजार सालानंतर पुण्याची एक कंपनी आली. जुनी पुस्तकं फुकट संगणकावर चढवून देतो म्हणाली. फुकट म्हटल्यावर आमची कार्यकारिणी हुरळली. करार इंग्रजीत होता, सह्या मराठीत झाल्या. स्कॅन केलेल्या प्रती कंपनीच्या आणि त्या कुणाला दाखवायच्या हेही कंपनीच ठरवणार, असं त्यात होतं. हक्क लेखकांचे आणि देऊन टाकणारे आम्ही. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

स्कॅनिंगसाठी पुस्तकांच्या शिवणी उसवल्या. जी जीर्ण होती, त्यांचा परत येताना नुसता चुरा झाला होता.

त्या चुऱ्यात जलशातल्या गाण्यांची एक पातळ पुस्तिका होती. गडमुडशिंगीच्या एका बौद्ध शाहिरानं ती पदरमोड करून छापली होती. शाहीर जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची मुलगी, निवृत्त शिक्षिका, एकदा वाचनालयात आली. आई अंथरुणाला खिळली होती. नवऱ्याचं एक गाणं ती दिवसभर गुणगुणायची आणि दुसऱ्या कडव्याला अडायची. मग पुढं काय, म्हणून मुलीला विचारत राहायची. घरातली प्रत कधीच गहाळ झाली होती. तेवढं एक गाणं उतरवून घेऊ द्या, एवढंच बाईंचं मागणं होतं.

संगणकावर फक्त मुखपृष्ठ दिसलं. खाली ओळ होती: हक्कदार सापडत नाही, मजकूर बंद.

मी पुण्याला फोन केला. वारस माझ्यासमोर बसलीय, सही देते, म्हटलं. तिकडच्या माणसानं पुस्तिकेची स्कॅन केलेली प्रत बघून सांगितलं, वारसाची सही चालणार नाही. लेखकानं आतल्या पानावर छापलं होतं, 'सर्व हक्क समाजाच्या स्वाधीन'. तेव्हा त्या समाजाचं संमतिपत्र हवं. तो समाज कुठला, त्याचा नोंदणी क्रमांक काय, अध्यक्ष कोण, असं त्यानं विचारलं. मला हसूही आलं नाही. ही संस्था नव्हे, माणसं आहेत, असं मी समजावत राहिलो आणि तो 'सर, प्रोसिजर आहे' म्हणत राहिला. पुढं कितीतरी आठवडे तेच फोन, तीच उत्तरं. कार्यकारिणी म्हणाली, करार झालाय, आता काय करता. मी पार थकून गेलो.

पावसाळा सरल्यावर बाई पुन्हा आल्या. मी फोन लावायला घेतला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. आई गेली होती. शेवटपर्यंत ती दुसऱ्या कडव्यालाच अडत होती.

"ऱ्हाऊ द्या, सर," त्या म्हणाल्या. "माज्या बाबांनी ते समद्यांस्नी दिलतं. समदे म्हंजे कोण, ते ह्यांस्नी कागदावर घावंना, म्हणून आता कुणालाच न्हाय."