बुटांसकट मागावर

मुलगी नोकरीनिमित्त त्रिनिदादमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला असते. गेल्या वर्षी दोन महिने तिच्याकडे राहिलो. नागपुरातलं संग्रहालय मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं असेल, तेही पाहुण्यांना दाखवायला म्हणून. तिथे मात्र मला वेडच लागलं. दर शनिवारी एक संग्रहालय. कार्निव्हलचे पिसांचे मुकुट पाहिले, लोखंडी पिंपांतून निघणारं संगीत ऐकलं, चित्रांसमोर हात मागे बांधून जाणकारासारखा उभा राहिलो. मजा आली, खोटं कशाला बोलू!

शेवटच्या शनिवारी एका छोट्या संग्रहालयात, हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या दालनात, हातमाग दिसला. पाहुण्यांनी बसून पाहावं म्हणून मांडलेला. मी लगेच शेखी मिरवली, आम्ही पिढीजात विणकर! खरं तर मी जन्मात मागावर बसलो नव्हतो. बाबांनीच बसू दिलं नाही. "तू अभ्यास कर गा, हे माह्यावर सोड," म्हणत त्यांनी लुगडी विणून मला शिकवलं आणि मी रामदासपेठेत कारकून झालो.

"बसा न बाबा, मी व्हिडिओ काढते," मुलगी मला म्हणाली. बसलो. आडवा धागा नेणारा धोटा फेकला, तो खाली पडला, लोक हसले, टाळ्या वाजल्या. व्हिडिओ तिथूनच घरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी फोन केला. बायको बाबांबद्दल म्हणाली, "मामाजी सकाळपासून तेच पाहून राहिले. शेजाऱ्यालेही बोलावून दाखवलं." मग बाबा फोनवर आले. धोटा पडला म्हणून चिडवतील असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "बूट काढाचे होते गा."

आवाजात रागही नव्हता. मी व्हिडिओ पुन्हा लावला. माझे नवेकोरे पांढरे बूट मागाच्या पायपट्टीवर दाबलेले. आमच्याकडे मागाला चप्पल लागू देत नाहीत, दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी चप्पल घालून मागापाशी गेलो म्हणून आईनं पाठीत धपाटा घातला होता. परक्यांपुढे मिरवायला विणकर, आणि बूट काढायच्या वेळी मात्र विसर. स्वतःचीच लाज वाटली. पण फोनवर "तिथं सगळेच बूट घालून बसतात" असं काहीतरी बडबडून मी मोकळा झालो होतो.

घरी परतलो. बाबांसाठी पिसांचा छोटा मुकुट आणला होता, तो त्यांनी कौतुकानं पाहिला. माफी मागायची असं मनाशी ठरवलं आणि चार दिवस टाळत राहिलो.

पुढच्या खोलीत पूर्वी बाबांचा माग होता. त्यांचे डोळे अधू झाल्यावर मीच तो मोडून विकला, खाली पाय सोडायचा खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर टाइल्स बसवल्या आणि स्कूटरला जागा केली. तेव्हापासून बाबा बाहेरून आले की त्या टाइल्सच्या कडेला चप्पल काढतात. फरशी मळू नये म्हणून काढत असतील, असं मी आजवर समजत होतो.

पाचव्या दिवशी ते देवळातून आले. नेहमीसारखी कडेला चप्पल काढली आणि अनवाणी, हळूहळू आत गेले. मी त्याच टाइल्सवर उभा राहून स्कूटर पुसत होतो. माझ्या पायांत तेच पांढरे बूट होते.