चार बोटं खाली

गाडी मी चार बोटं खाली बसवून घेतली, तेव्हा भुईगावात जो भेटेल तो विचारायला लागला, "काय हो, स्प्रिंगा बसल्या वाटतं?" आता या लोकांना काय सांगायचं! बसल्या नव्हत्या, मी हौसेने बदलून घेतल्या होत्या. पुढे आखूड स्प्रिंगा, मागे पाट्यांच्या स्प्रिंगांना गाडी खाली आणणारे ठोकळे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मला मोबाइलवर जुन्या गाड्यांचे फोटो बघायचा नाद लागला. जगातल्या सगळ्या देखण्या जुन्या गाड्या जमिनीला चिकटून उभ्या होत्या, आणि आमचीच तेवढी चिखलातून साडी वर धरून चालल्यासारखी उंच. ते मला बघवेना.

गाडी वडिलांची. मी शाळेत असताना ती आमच्या वाडीत आली. वडील गेल्यावर मीच तिला सांभाळली आणि दर रविवारी आईला तिच्यातून सांडोरला मावशीकडे नेण्याचा रिवाजही सांभाळला. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिला फोनवर अक्षर ऐकू येत नाही आणि काठीशिवाय तिला उंबरठा ओलांडवत नाही. एकदा पडता पडता वाचल्यापासून आई रिक्षात पाय ठेवत नाही. थोडक्यात, आमची गाडी गेली तरच त्या दोन बहिणी भेटणार, नाहीतर नाही.

गाडी खाली बसवल्यावरच्या पहिल्याच रविवारी रस्त्यात नळासाठी खणलेल्या खड्ड्यात आम्ही असे दणकलो की माझे दात वाजले. घरी परतल्यावर मी आणि बायकोने दोन्हीकडून धरून आईला बाहेर काढलं. "हाडं खिळखिळी झाली रे बाबा," ती म्हणाली. पुढच्या रविवारी म्हणाली, आज नको, डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या रविवारी घरात मोदक करायचे होते. त्यानंतर तिने कारण द्यायचंही सोडलं. दुपारी पदर नीट करून ओट्यावर बसायची आणि फाटकाकडे बघायची. पण मी हार मानणाऱ्यातला नाही. दणके बंद केले की आई पुन्हा गाडीत बसेल, एवढं साधं गणित.

वालीवच्या माझ्या मेकॅनिकने गाडीखाली सरपटत जाऊन निकाल दिला. "साहेब, स्प्रिंग आखूड आणि शॉकअप जुनेच, लांब. शॉकअपच्या दांड्याला हलायला जागाच नाही उरली. खड्डा आला की सरळ तळाला आपटतो. आखूड शॉकअप टाकायला लागतील."

"कुठले?"

"ते आता तुम्ही ठरवा. कडक हवे तर गॅसचे, नरम हवे तर तेलाचे. बसवून बघा, नाही पटले तर बदलू. आपली दोस्ती आहे."

हे ठरवायला मी घरी आलो, हीच चूक. आमच्या आळीत कुणी काही ठरवतोय अशी नुसती कुणकुण लागली की चार माणसं मदतीला येतात. शेजारी गल्फमध्ये बरीच वर्षं मोठाल्या गाड्या चालवून परत आलेले. त्यांनी येऊन मडगार्डवर सगळा भार टाकला, सोडला, आणि गाडी किती वेळा उसळते ते कान लावून ऐकलं. ऐकायचं काय होतं देव जाणे! मग दूधवाल्याने दाबली. पोस्टमनने दाबली. आठवडाभर जो तो येऊन गाडी दाबून जात होता, आणि प्रत्येकाचं मत वेगळं.

"असं दाबून काय कळतंय?" शेजारी शेवटी म्हणाले. "वजन टाकून रस्त्यावर बघायला पाहिजे. मागच्या सीटवर."

मागच्या सीटवर आई बसायची. आईला प्रयोगासाठी बसवायचं नाही, यावर आमचं एकमत होतं. मग आईच्या वजनाचं, नाजूक, दणका बसला की लगेच दाखवणारं असं आमच्या वाडीत काय आहे? केळी! राजेळीचे घड उतरायलाच आले होते. ही कल्पना माझी, आणि त्या दिवशी मला तिचा केवढा अभिमान वाटला होता.

आधी गॅसचे शॉकअप बसवले. मागच्या सीटवर घड आईसारखे टेकवून ठेवले, शेजारी पुढे बसले, आणि आम्ही सांडोरपर्यंत जाऊन आलो. परत येईपर्यंत निम्मी केळी देठापासून सुटून पायाशी पडली होती. घरात दोन दिवस केळ्याचा हलवा. मग तेलाचे नरम घातले. केळी शाबूत राहिली, पण गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर इतकी डोलत राहिली की शेजाऱ्यांना उतरून नारळाच्या झाडाला धरून उभं राहावं लागलं. तरी बिचाऱ्यांनी घरी आल्यावर हलवा मागून खाल्ला.

बायको मात्र खवळली होती. "अहो, गाडीला शॉकअप बघताय की केळ्यांना स्थळ? आता घरात कुणी केळ्याचं नाव काढलं तर बघा!"

शेवटी मेकॅनिकने कुठून तरी आखूड, गॅसचेच, पण कडकपणा कमीजास्त करता येणारे शॉकअप आणले. खालची चकती फिरवत, पुन्हा रस्त्यावर जात, पुन्हा केळी तपासत आम्ही नेमकी जागा पकडली. एका केळ्यावर ओरखडा नाही! मी घड उचलून आईपुढे नेला आणि म्हणालो, "बघ. आता बोल."

तिने केळी चाचपली. "बरीच हौस केलीस रे माझ्यासाठी," म्हणाली, आणि रविवारी नवी साडी नेसून गाडीत बसली; बायको पुढे माझ्याशेजारी.

काय गाडी चालली म्हणून सांगू! नळाचा खड्डा आलाच नाही असं वाटलं. मी सारखा आरशातून आईकडे बघत होतो. सांडोरला मावशीच्या अंगणात गाडी उभी करून ऐटीत दार उघडलं. आई जागची हलली नाही.

"तिलाच बोलाव इकडे," ती म्हणाली. "मी बसते इथेच."

मावशी काठी टेकत आली, आईला बघून रडली, हसली, आणि कुणी काही म्हणायच्या आत धप्पकन आईच्या शेजारी जाऊन बसली. पुढचे दोन तास चहा, चकल्या, औषधांच्या गोळ्या, सगळं खिडकीतून आत गेलं. दोघी कानाला कान लावून बोलत होत्या. मला वाटलं, गाडी इतकी आवडली की खाली उतरवत नाही! मी खुशीत अंगणात फेऱ्या मारत होतो.

निघायच्या वेळी मावशी उतरेना. उतरेना म्हणजे तिला उतरताच येईना. गुडघे हनुवटीपाशी, सीट खोल, धरायला काही नाही. बायकोने बाहेरून हात धरून ओढलं, मी पलीकडून आईच्या पुढून आत वाकून पाठीला रेटा दिला, आणि शेवटी "अगं आई गं!" म्हणत मावशी बाहेर आली. गाडी एकदाच हलली आणि जागच्या जागी थांबली. शॉकअप उत्तम होते, यात वादच नाही.

बायको घाम पुसत माझ्याकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "केळ्यांना स्वतःहून उतरावं लागत नाही."

परतताना मी आरसा आईकडे वळवला. मग विचारलं, "आई, बोलली का नाहीस?"

"तू एवढा खूश होतास. आणि लोकांच्या दारात जाऊन दोघांनी खेचून काढायचं, लाज वाटते रे मला." मग स्वतःशीच हसली. "तुझ्या बाबांनी ही गाडी घेतली ना, तेव्हा मला बरोबर नेलं होतं. इंजिन उघडून बघितलं नाही, काही नाही. म्हणाले, बस. आता उठ. परत बस, परत उठ. विकणारा वैतागला. ह्यांचं एकच, हिला कुणाचा हात न धरता उतरता आलं पाहिजे. तेव्हा तू पोटात होतास आणि माझी कंबर गेली होती."

"पण गाडी तर मी शाळेत असताना आली."

"मग तुझी बहीण असेल पोटात," आई म्हणाली. "कुणीतरी होतं."

त्याच आठवड्यात, गॅरेजच्या सुट्टीच्या दिवशी, मेकॅनिक भुईगावला आला. आमच्या अंगणात त्याने चारी चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि आई मागच्या सीटवर जाऊन बसली. शेजारी कुंपणावरून बघत होते. "उठ," मी म्हणालो. तिने दाराला धरलं, अर्धी उठली, पुन्हा बसली. "अजून एक फळी," मी सांगितलं. पुन्हा बस, पुन्हा उठ. "साहेब, हे माप कुठल्या पुस्तकात नाही," मेकॅनिक कुरकुरला. आणखी एक फळी गेली.

या वेळी आई उठली. कुणी हात दिला नव्हता. गाडीला वळसा घालून ती मेकॅनिकसमोर येऊन उभी राहिली.

"आता एवढ्या उंचीच्या स्प्रिंगा घाल, आणि त्यांना बसतील ते शॉकअप घे," तिने त्याला सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लवकर आटपा. मावशीला रविवारी येते म्हणून सांगितलंय."