पालथा गिलास

गुत्त्यावरच्या मावशीने कुणाला 'या, बसा' म्हटलेले मी कधी ऐकले नाही. माणूस फाट्यावरून वळायच्या आतच त्याचा गिलास ओट्यावर निघालेला असे. सोनपेठच्या रस्त्यावरचा तो गुत्ता निजामाच्या काळातला. तेव्हा शिंदी मिळायची, आमच्या वेळी देशी. मी एकदा विचारले, "मावशी, मी येणार हे तुम्हाला कसं कळतं?" ती म्हणाली, "मला काय कळायलंय, गुर्जी? गिलासालाच कळतंय."

तिथे ज्याने त्याने आपला गिलास घरून आणायचा, नाव घातलेला, आणि तो फळीवर कायमचा राहायचा. ही रीत मावशीची. तिच्या सासऱ्याच्या काळात माझ्या आजोबांना बाहेर उन्हात उभे करून करवंटीत ओतत. मावशीने गल्ल्यावर बसल्या दिवशी करवंट्या चुलीत घातल्या. पाटलाचा गिलास आणि आमचा, एकाच फळीला! पाटील महिनाभर फिरकला नाही. मग घसा कोरडा पडला आणि आला मुकाट्याने.

फळीवर गिलास नेहमी उताणे, तोंड वर. नवखा असताना मी माझा विसळून घरच्यासारखा पालथा ठेवला, तर मावशी किंचाळलीच, "उचला आदी! जित्या माणसाचा गिलास पालथा घालतेत का?" लोक हसले नाहीत. मला वाटले, अडाणी लोक.

मग आमच्या रोजच्या बैठकीतल्या नामदेवचे झाले. सकाळी दुकान उघडले तर फळीवर त्याचा एकट्याचा गिलास पालथा. आम्ही चेष्टा केली. दुपारी गंगाखेडच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली त्याच्या अंगावर उलटली. पुढे पाटलाचे तसेच, शिंप्याचेही तसेच. बाया म्हणत, मावशी करणी करते. त्यावर ती फणकारायची, "गिऱ्हाईक मारून मी काय माती खाऊ?" पण रोज सकाळी कुलूप काढल्यावर ती दारातूनच आधी फळीकडे बघे, मगच उंबरा ओलांडे, हे मी पाहिले आहे.

बायको वारली आणि मी शाळेत शिकवायचे सोडून सकाळी अकरापासूनच तिथे बसू लागलो. घरी पाचवीतली सीमा स्वतःच भाकरी थापायची, करपलेली खाऊन शाळेत जायची. लाज नव्हती मला, दुसरे काय!

एके दिवशी गेलो तर माझा गिलास पालथा.

बाकावरचे दोघे हळूच सरकून बसले. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरी जा, गुर्जी. पोरगी हाय न्हवं घरी?" मी धावत शाळेत गेलो, वर्गातून सीमाला बाहेर काढले आणि तिचा हात धरून दिवसभर घरात बसलो. रात्र गेली. आठवडा गेला, वर्ष गेले. मी मेलो नाही, आणि भीतीने दारूला शिवलोही नाही.

मावशी परभणीला दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा भेटायला गेलो. उशाखालून तिने माझा गिलास काढून हातात दिला. "तुमचा म्याच पालथा घातला होता, गुर्जी. लेकराकडं बघवंना मला." मी रडलो, हसलोही. किती वर्षांचे ओझे उतरले! मग सहज विचारले, "म्हणजे बाकीच्यांचेही तुम्हीच?"

तिने डोळे मिटून घेतले. "न्हाई. त्यांला म्या हात बी लावला न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती गेली. त्या बाईमुळे माझ्या पोरीला बाप राहिला, एवढे खरे.

सीमा आता स्वतः शिक्षिका आहे, माझ्याजवळच राहते. तो गिलास स्वयंपाकघरात असतो. मी स्वतः विसळतो, उताणा ठेवतो. ती बाकीची भांडी पालथी घालते, पण त्याला हात लावत नाही. गिलास घरी आणला तेव्हाच ताकीद दिली आहे.

आज ती शाळेत गेल्यावर चहाला उठलो, तर तो पालथा होता.

घाईत तिनेच ठेवला असेल. फोन करून विचारता येईल, पण धीर होत नाही. पाचला येते ती. तोवर मावशीबद्दल हे लिहीत बसलो आहे.